मूळ लेखिका : उना हॅनिगन

“थांब! माझ्या नावाआधी श्वास घे.”

खांबेटे सर हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून, डोळे मिटून उभे होते. मी स्टेजच्या कोपऱ्यात, हातात बंद माईक.

“घेतला सर.”

“मला ऐकू नाही आला.”

“श्वास ऐकू यायला पाहिजे का सर?”

“आगाऊपणा नको, डुबल. पुन्हा. ‘लेखक, दिग्दर्शक’. मग श्वास. मग मनात एक, दोन. मग नाव. लोकांना वाट बघायला लाव.”

“लेखक, दिग्दर्शक…” श्वास. एक. दोन. “श्री. अविनाश खांबेटे!”

“आत्ता कसं!” सरांनी डोळे उघडले. जणू नाटक कुणी लिहिलंय हे त्यांनाही तेव्हाच कळलं.

ही गोष्ट मी आठवीत होते तेव्हाची. आता मी बारावीत आहे. आता मला कुणी असा श्वास घ्यायला सांगून बघावंच! पण तेव्हा मी सांगितला तसा घेतला, तोही रोज, सहा आठवडे. कारण आमची कराडची शाळा त्या वर्षी पहिल्यांदाच साताऱ्याच्या आंतरशालेय एकांकिका स्पर्धेत उतरणार होती, आणि माझ्या वाट्याला उद्घोषणा सोडून दुसरं काही आलंच नव्हतं. मी थोरलीचं काम मागितलं होतं. सरांनी एकदा ऐकलं आणि म्हणाले, “ईश्वरी डुबल, तुझा आवाज सोन्यासारखा आहे. चेहरा मात्र विंगेतच ठेव.” थोरलीचं काम मिळालं पूर्वा शेवाळेला. ती रडायला सांगितलं की शिंकायची, पण दिसायची छान.

एकांकिकेचं नाव ‘आज चहा नाही’. गोष्ट एवढीशीच. घरात आई, थोरली आणि धाकटी. मध्यस्थ एका चाळीस एकरवाल्या स्थळाला घेऊन थोरलीला बघायला येतो. आई पोह्यांवर खोबरं घालते, धाकटी खुर्च्या पुसते, आणि थोरली चूलच पेटवत नाही. पाहुणे बसलेत, बसलेत, चहा काही येत नाही. शेवटी थोरली बाहेर येते आणि म्हणते, “दूध आहे, साखर आहे, पत्ती आहे, चूल आहे. मी नाही.” आणि दार लावून घेते. पडदा.

तालमीत पहिल्यांदा हे वाक्य ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आणि लगेच रागही आला होता. हे वाक्य या माणसाला सुचलं? जो स्टाफरूममध्ये चहा गार झाला म्हणून शिपायाला तीन वेळा परत पाठवतो त्याला? मी मनात म्हटलं, असेल बाई. शेणात पण कमळ उगवत असेल.

(ते चिखलात उगवतं. मला माहीत आहे. मी शेणच म्हटलं होतं.)

तर एके दिवशी पूर्वाच्या संहितेची पानं सुटली, आणि सरांनी मला ती चिकटवून आणायला लायब्ररीत पिटाळलं.

आमच्या लायब्ररीच्या बाई म्हणजे काय सांगू! सगळ्या शाळेत सर्वांत कमी आवाज करणारी वस्तू कुठली, तर त्या. पंखासुद्धा जास्त करायचा. काही विचारलं तर त्या आधी मागे बघायच्या, प्रश्न दुसऱ्या कुणाला असेल म्हणून. दिवसभर खळीचं भांडं आणि ब्रश घेऊन फाटक्या पुस्तकांच्या पाठी चिकटवत बसायच्या. कंत्राटी होत्या. दर जूनमध्ये त्यांची नवी ऑर्डर निघायची, आणि त्यावर शिफारस लागायची पर्यवेक्षकांची, म्हणजे खांबेटे सरांची. त्यामुळे सर दारातून डोकावले तरी बाई उठून उभ्या राहायच्या. मला असल्या बायकांचा भयंकर तिटकारा होता. मोठी झाले की मी असली होणार नाही, हे मी पाचवीतच ठरवून टाकलं होतं.

“ठेव तिथे,” बाई म्हणाल्या. “वाळायला दहा मिनिटं लागतील.”

मी टेबलाशी बसले. समोर एक जुनं इंग्रजी पुस्तक उघडं पडलं होतं. डाव्या पानावर पात्रांची यादी होती. माझं इंग्रजी तेव्हा लंगडंच, पण यादी काय, कुणीही वाचेल. आई. थोरली मुलगी. धाकटी मुलगी. लग्न जुळवणारा. आणि चाळीस एकरवाला शेतकरी.

मी पुन्हा वाचलं. चाळीस एकर!

“बाई! हे तर आमचं नाटक आहे!”

बाईंनी मागे बघितलं. मागे भूगोलाचं कपाट होतं.

“हळू बोल,” त्या म्हणाल्या.

“अहो, सेम टू सेम! चाळीसचे पन्नासपण केले नाहीत सरांनी! कुणाचं आहे हे?”

“उना हॅनिगन. आयर्लंडच्या. शंभर वर्षं होत आली या नाटकाला.”

“पुस्तक घरी नेऊ?”

“नको. रजिस्टरला नोंद नाही त्याची. माझं आहे ते.”

“इथे बसून वाचू?”

बाईंनी ब्रश खळीत बुडवला, कडेला निथळवला. “मधल्या सुट्टीत ये,” म्हणाल्या.

मी तीन दिवस मधल्या सुट्टीत गेले. डबा बाकाखाली ठेवून लपूनछपून खायचा आणि वाचायचं. नाटकाच्या आधी बारा पानांची प्रस्तावना होती, उनाच्या पुतणीने लिहिलेली. दोन ओळींवर मी अडकायचे, मग बाई सांगायच्या. पुस्तकाकडे न बघता. सगळं पाठ असल्यासारखं.

“ही पोस्टात होती?” मी फोटोकडे बघत विचारलं. फोटोत एक हाडकुळी बाई, डोक्यावर पिठाच्या चाळणीसारखी टोपी.

“वडील पोस्टमास्तर. समुद्रकाठचं छोटं गाव. ही तारखात्यात बसायची. गावातल्या सगळ्यांची सुखदुःखं हिच्या बोटांखालून जायची. कोण मेलं, कोण बाळंत झालं, कुणाचं लग्न मोडलं. तेही चार-पाच शब्दांत. म्हणून तिच्या नाटकातली माणसं कमी बोलतात.”

“आणि लिहायची कधी?”

“दोन तारांच्या मध्ये. तारेच्या कोऱ्या फॉर्मच्या मागच्या बाजूला.”

एवढं मला आवडलं. पुढचं ऐकून माझं डोकं फिरायला लागलं. उनाने हे नाटक, तिचं पहिलंच, राजधानीतल्या मोठ्या नाटक कंपनीला पाठवलं ते नुसतं ‘यू. हॅनिगन’ अशा सहीने. कंपनीच्या तिन्ही मालकांना ते एवढं आवडलं की त्यांनी पत्र पाठवलं, ‘प्रिय श्रीयुत हॅनिगन, तालमीला या.’ ही गेली. दारवानाने सांगितलं, साफसफाईच्या बायकांनी मागच्या दाराने जायचं.

“मग हिने काय केलं?”

“मागच्या दाराने गेली.”

“काय? सांगितलं नाही, मी लेखिका आहे म्हणून?”

“आत गेल्यावर सांगितलं. मालकांनी तिला शेवटच्या रांगेत बसवलं आणि तालीम चालू ठेवली.”

“बावळटच आहे!”

बाई पुस्तकाच्या पाठीवर कापडाची पट्टी बसवून अंगठ्याने दाबत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कळलं ते आणखी भारी. म्हणजे आणखी वाईट. उनाने नाटक संपवलं होतं बंद दारावर. थोरली एक शब्द न बोलता दार लावून घेते, बस. मालकांना वाटलं, लोकांनी घरी कसं आनंदाने जावं. त्यांनी शेवट बदलला. थोरली चूल पेटवते, किटली ठेवते आणि चाळीस एकरवाल्याकडे बघून लाजते. उनाला हे कळलं कधी? पहिल्या प्रयोगाला, तिकीट काढून प्रेक्षकांत बसली तेव्हा. टाळ्यांचा नुसता कडकडाट. ही उठली, सकाळच्या गाडीने गावी परत गेली, आपल्या खुर्चीवर बसली आणि आपल्याच हाताने कंपनीला तार केली. ‘शेवट माझा नाही. नाव काढा.’

“आणि?”

“काढलं.”

“आणि शेवट?”

“तोच ठेवला. ते नाटक नऊ वर्षं चाललं. जाहिरातीत लेखकाच्या जागी काहीच नसायचं.”

मी डब्याचं झाकण आपटलं. “बाई, किती मूर्ख बाई आहे ही! नाव काढा काय? शेवट बदला म्हणायचं! मालकांच्या टेबलावर चढून म्हणायचं! नाव काढा म्हणजे यांना फुकटात नाटक दिलं की हिने!”

“चढून म्हटलं असतं तर काय झालं असतं?”

“निदान कळलं असतं ना लोकांना!”

“हं,” बाई म्हणाल्या. “नंतर तिने आणखी पाच नाटकं लिहिली. कुणी केली नाहीत. निवृत्त झाल्यावर सगळी स्वतःच छापली, स्वतःच्या शेवटासकट. ते हे पुस्तक. गावातल्या वाचनालयातच बहुतेक प्रती पडून राहिल्या म्हणे. पुतणी लिहिते, आत्याला कुणी विचारलं की तुम्ही लिहायच्या ना, तर ती म्हणायची, लिहिते.”

मला ते ‘लिहिते’ तेव्हा काही विशेष वाटलं नाही. माझ्या डोक्यात भलताच जाळ पेटला होता.

“म्हणजे एकदा त्या मालकांनी चोरलं,” मी म्हटलं, “आणि आता आमच्या सरांनी! तुमच्याकडून पुस्तक नेलं आणि खाली आपलं नाव ठोकलं. हॉलबाहेरच्या पाटीवर बघा, लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य. नेपथ्य म्हणजे काय तर पूर्वाच्या घरची चटई! स्पर्धेच्या फॉर्मवर पण ‘स्वतंत्र लेखन’ लिहिलंय, मी बघितलं. बाई, मी सांगणार.”

“काय सांगणार?”

“साताऱ्याला. माईकवरून. तिसऱ्या घंटेआधी. हे नाटक उना हॅनिगनचं आहे म्हणून.”

बाईंचा ब्रश थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मागे नाही, माझ्याकडे.

“एवढंच?”

“एवढंच म्हणजे? एवढं काय कमी आहे? मला नाटकातून काढतील, दाखला देतील हातात! पण मी घाबरत नाही. मी काही उना नाहीये.”

त्यांनी ब्रश भांड्यात ठेवला. मग म्हणाल्या, “हॅ-नि-गन. मधला ‘नि’ लांबवू नकोस. ‘हॅनीगन’ म्हणतेस तू.”

बघा! एवढी मोठी चोरी उघडकीला आली आणि या बाईला पडलंय उच्चाराचं. मला हसूच आलं.

साताऱ्याला जायच्या दिवशी बाई आमच्या गाडीत होत्या. मुलींच्या संघाबरोबर एक तरी महिला कर्मचारी हवी असा स्पर्धेचा नियम होता, आणि बाकीच्या शिक्षिकांचे दहावीचे जादा तास होते. मांडीवर कपड्यांची पिशवी, पदराला लावलेल्या सेफ्टी पिना. पुढच्या सीटवर सर, नव्या झब्ब्यात, अत्तर लावून. अर्ध्या वाटेत त्यांनी मागे वळून विचारलं, “डुबल, श्वास?”

“पाठ आहे सर.”

आमचा प्रयोग दुपारी तीनला होता. सव्वादोनला सरांनी नटराजाची पूजा केली, नारळ फोडला, मुलींना एकेक तुकडा दिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “आज महाराष्ट्राला एक नाटककार मिळतोय.” महाराष्ट्र तेव्हा समोरच्या खुर्च्यांत बसून वडापाव खात होता.

पहिली घंटा झाली. दुसरी झाली. माईक चालू होता. त्याची बारीक शिट्टी माझ्या कानात वाजत होती. समोरच्या विंगेत सर, हात जोडून, डोळे मिटून. माझ्या मागे बाई, धाकटीच्या वेणीला रिबीन बांधत.

“नमस्कार. सादर करीत आहोत एकांकिका, ‘आज चहा नाही’. मूळ लेखिका…”

श्वास. एक. दोन. सरांनी शिकवला तस्सा. हॉल खरंच वाट बघायला लागला.

“…आयर्लंडच्या उना हॅनिगन!”

सरांचे डोळे उघडले. खोबऱ्याचा खवट तुकडा दाताखाली यावा तसा चेहरा झाला. अहाहा! आणि त्याच झोकात, थांबले तर वाक्य अर्धवट वाटेल म्हणून, ऐकायला बरं वाटावं म्हणून, मी पुढचं जोडून टाकलं. “मराठी रूपांतर आणि दिग्दर्शन, श्री. अविनाश खांबेटे.”

तिसरी घंटा. पडदा. मी वळले. बाई रिबीन हातात धरून तशाच उभ्या होत्या. गाठ सुटली होती.

“कसं झालं?” मी कुजबुजले.

“उच्चार बरोबर होता,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा बांधायला लागल्या.

प्रयोग झकास झाला. पूर्वा शिंकली नाही. “मी नाही” म्हणून तिने दार लावलं तेव्हा हॉलमध्ये चार सेकंद टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, आणि मग जो कडकडाट झाला! पडदा पडल्या पडल्या सरांनी माझं बखोट धरलं.

“कुणी शिकवलं तुला हे?”

“पुस्तकानं.”

“शाळेत चल. आईवडिलांना बोलावतो तुझ्या. माझ्या नावाला काळं फासलंस!”

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. एवढा छोटा दिसला मला तो माणूस! वाटलं, खिशात मावेल.

निकाल पाच वाजता. परीक्षक होत्या सरोजिनी तांबवेकर, जुन्या नटी, सत्तरी ओलांडलेल्या, हातात काठी पण आवाज खणखणीत. त्या म्हणाल्या, “या एकांकिकेच्या फॉर्मवर ‘स्वतंत्र लेखन’ असं लिहून आलं होतं. पण उद्घोषणेत मूळ लेखिकेचं नाव स्पष्ट घेतलं गेलं आणि रूपांतरकाराचंही. फॉर्म भरण्यात चूक झाली असणार. मी इतकी रूपांतरं बघितली, बहुतेकांत साहेब धोतर नेसून फिरत असतो. इथे मला आयर्लंड शोधूनही सापडलं नाही. मला माझी आत्या सापडली. उत्कृष्ट रूपांतराचं पारितोषिक, श्री. अविनाश खांबेटे.”

सर उठले. एका क्षणात चेहरा बदलला. झब्बा खाली ओढला, स्टेजवर गेले, प्रमाणपत्र कपाळाला लावलं, आणि माईकवर काय म्हणाले माहितीये?

“मूळ लेखिकेचं नाव आधी घ्यायचं, मग माझं. हे मी मुलांना पहिल्या दिवसापासून बजावलं होतं. संस्कार म्हणतात ते हेच.”

आणि खाली येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास बाळा.”

बाळा! दुपारी बखोट, संध्याकाळी बाळा.

मी तडक ग्रीनरूममध्ये गेले. बाई एकट्याच साड्यांच्या घड्या घालत होत्या.

“बघितलंत? बघितलंत कसला नालायक माणूस आहे? चोर तो चोर, वर बक्षीस! मला तर…”

माझं वाक्य तोंडातच राहिलं, कारण दारात काठी वाजली. तांबवेकर ताई मुलींना भेटायला आल्या होत्या. मागोमाग सर, प्रमाणपत्र छातीशी, आणि सर्वांत मागे पूर्वा आणि बाकीच्या.

“खांबेटे, एक विचारायचंय,” ताई खुर्चीत बसत म्हणाल्या. “‘दूध आहे, साखर आहे, मी नाही.’ केवढं वाक्य आहे हो! मूळ इंग्रजीत काय आहे ते?”

“इंग्रजीत…” सर हसले. “साधारण तसंच. म्हणजे मिल्क, शुगर… भावार्थ तोच. मी जरा सोपं केलं.”

“मुळात वाक्यच नाही,” बाई म्हणाल्या.

बाईंच्या हातात अर्धी घडी होती, आणि त्या साडीकडे बघतच बोलत होत्या.

“मुळात ती नुसतं दार लावते. तिच्या गावात तेवढ्यानं कळत असेल. आपल्याकडे मुलगी आत गेली की लोकांना वाटतं, लाजली. म्हणून तिला बोलायला लावलं. पंधरा दिवस सुचत नव्हतं. ‘चहा मिळणार नाही’, ‘मी करणार नाही’, सगळी करून बघितली. मग एकदा घरी चहा टाकताना सुचलं.”

“तुम्हाला?” ताईंनी विचारलं.

“बाईंनी थोडीफार मदत केली,” सर घाईने म्हणाले. “शब्दकोश वगैरे. आमच्या ग्रंथपाल आहेत त्या.”

“मदत नाही.” बाईंनी घडी पूर्ण केली, पिशवीत ठेवली आणि मग सरांकडे बघितलं. “जूनमध्ये पूर्ण लिहून तुम्हाला वाचायला दिलं होतं. चार वेळा परत मागितलं. ‘बघतो’ म्हणालात.”

मला भिंत लागली. मी मागे सरकत गेले होते ते कळलंच नाही. ‘एवढंच?’ असं त्या का म्हणाल्या होत्या ते आत्ता डोक्यात शिरलं. आणि त्याहून वाईट एक गोष्ट. ‘मराठी रूपांतर, श्री. अविनाश खांबेटे’ हे वाक्य सरांनी मला शिकवलंच नव्हतं. कुणीच नव्हतं शिकवलं. ते माझं होतं. सरांनी उनाचं चोरलं असेल, पण बाईंचं मी, स्वतःच्या तोंडाने, खणखणीत आवाजात, वर शिक्का मारून त्यांच्या खिशात घातलं होतं. आणि ते प्रमाणपत्रावर लिहून आलं होतं.

“बाई,” मी म्हटलं. “मला सांगितलं का नाही तुम्ही?”

“तीन दिवस समोर बसली होतीस. उनाचं सगळं विचारलंस. मराठीत कुणी आणलं, ते विचारलंस?”

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ताईंनी सरांच्या हातातून प्रमाणपत्र काढून घेतलं. सरांनी ते दोन क्षण धरून ठेवलं, मग सोडलं. ताईंनी पेन काढलं, सरांच्या नावावर आडवी रेघ मारली आणि माझ्याकडे बघितलं. “उद्घोषणा तूच केलीस ना? चांगला आवाज आहे. सांग, काय नाव यांचं? लिहिते.”

मी तोंड उघडलं.

मला त्यांचं नाव माहीत नव्हतं. पाचवीपासून चार वर्षं त्या लायब्ररीत जात होते. उनाच्या वडिलांचं नाव पाठ होतं, गावाचं पाठ होतं, त्या दारवानाचंसुद्धा सांगितलं असतं. मी पूर्वाकडे बघितलं. पूर्वाने धाकटीकडे. कुणालाच माहीत नव्हतं. सर झब्ब्याची बटणं बघत होते.

“कुंदा मारुती वाघमोडे,” बाई म्हणाल्या.

ताईंनी लिहिलं, खाली सही केली, आणि म्हणाल्या, “हॉलमध्ये चुकीचं सांगितलं गेलंय. तिथेच दुरुस्त व्हायला हवं. माईक असेल अजून.”

“मी सांगते!” मी दाराकडे धावले. “मी आत्ता सांगते, बाई!”

“नको,” त्या म्हणाल्या. “मी सांगते.”

त्या जूनमध्ये बाईंची ऑर्डर निघाली नाही, आणि लायब्ररीला दोन वर्षं कुलूप होतं. हे होणार हे त्या संध्याकाळी ग्रीनरूममध्ये फक्त दोघांना माहीत असणार. त्यांतले एक बटणं बघत होते आणि दुसऱ्या पदर खोचून पायऱ्या चढत होत्या.

हॉल तीनचतुर्थांश रिकामा झाला होता. एक माणूस खुर्च्या एकात एक घालत होता, लाईटवाला वायर गुंडाळत होता. बाई माईकसमोर उभ्या राहिल्या. माईक त्यांच्यासाठी उंच होता, त्यांनी तो खाली केला नाही, टाचा उचलल्या. आवाज नेहमीसारखाच, पान उलटावं तसा.

“‘आज चहा नाही’ या एकांकिकेच्या मूळ लेखिका उना हॅनिगन. मराठी रूपांतर माझं आहे. मी कुंदा वाघमोडे.”

श्वास घेतला नाही, एक-दोन मोजलं नाही. सांगितलं आणि टाचा खाली टेकवल्या.

खुर्च्यावाला थांबला. मागे उरलेल्या वीसेक लोकांनी माना वर केल्या. आणि पहिली टाळी वाजवली खांबेटे सरांनी. विंगेतून पुढे येऊन, हात उंच करून, मान डोलावत. बघणारे लोक होते ना! मग बाकीच्यांनी वाजवल्या.

मी नाही वाजवली. हात वर गेले होते, पण शेजारीच सरांचे हात वाजत होते, आणि दोघांची टाळी एकच ऐकू आली असती.